घरातले पहिले पदवीधर: माजी विद्यार्थ्यांचा असा गट कसा उभा करायचा आणि कसा चालवायचा

प्रश्न असा आला आहे: 'मी २०१७ साली विद्यापीठातून एम.एस्सी. झालो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. माझ्यासारखे वीस-पंचवीस मित्र आहेत. विद्यापीठाची माजी विद्यार्थी संघटना आहे, पण तिथे गेलं की परक्यासारखं वाटतं. घरातल्या पहिल्या पदवीधरांचा वेगळा गट काढायचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर दोनशे जण जमवले, पण वाढदिवसाच्या शुभेच्छांपलीकडे गाडी जात नाही. सुरुवात कुठून करू? नोंदणी करावी का? पुढारपण कोणी आणि कसं करायचं?'

मी करमाळा तालुक्यातली. वडील सालगडी होते, आई रोजंदारीला जायची. पुढे बँकेत नोकरी लागली. अकरा वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी आमच्या विद्यापीठात असाच गट सुरू केला आणि त्यातली पहिली सात वर्षं मी निमंत्रक होते. त्या अनुभवातून सांगते.

तुमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ही पत्त्यांची वही आहे, तिला तेवढंच समजा. दोनशे जण गप्प आहेत याचं वाईट वाटून घेऊ नका. त्यांना करायला काही दिलेलं नाही म्हणून ते गप्प आहेत. गट जमतो तो कामाभोवती, आणि आपल्यासारख्या गटाचं काम आज पहिल्या वर्षाच्या बाकावर बसलेल्या मुलामुलींचं आहे. आपण एकमेकांना भेटून जुन्या आठवणी काढू, त्यात आनंदही आहे, पण त्यासाठी माणूस वर्षातून एकदा येतो. 'तुझ्या विषयाची एक मुलगी अडली आहे, वीस मिनिटं बोलशील का?' असं विचारलं की तोच माणूस रात्री साडेदहाला फोन उचलतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्यात मला शंका उरलेली नाही.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१पासून एकेक वसतिगृह उभं राहिलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसली. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली. या ठिकाणी शिकलेली माणसं आजही एकमेकांना धरून आहेत. एका ताटात जेवल्याचं नातं ते. विद्यापीठात हजारो मुलं, ताट वेगळं, खोली वेगळी. तिथे ते नातं आपोआप तयार होत नाही, म्हणून गट काढावा लागतो.

आता धागा नेमका करा. 'घरातला पहिला पदवीधर' म्हणजे कोण? आमच्याकडे यावर दोन बैठका गेल्या. एक ताई म्हणाल्या, माझे वडील डी.एड. झालेले प्राथमिक शिक्षक होते, मग मी यात बसते का? दुसऱ्याचा थोरला भाऊ बी.ए. होता. शेवटी ठरलं की आई-वडिलांपैकी कोणीच पदवीधर नसेल तर तो आपला, भावंडांचं शिक्षण मोजायचं नाही. शिक्षकाची मुलगी आली, बी.ए.वाल्याचा भाऊही आला. तुमची व्याख्या वेगळी असली तरी चालेल, पण ती एका वाक्यात लिहून ठेवा. ती लिहिलेली नसली की तिसऱ्या वर्षी 'हा आपल्यातला कसा?' ही कुजबुज सुरू होते, आणि ती पार विष कालवते. फॉर्मवर जात विचारू नका. उत्पन्नही विचारू नका. ज्याला जे सांगायचं ते तो ओळख झाल्यावर सांगेल.

इथे एक नाजूक गोष्ट आहे. बॅचचा गट, खेळाडूंचा गट, वसतिगृहाचा गट यांत लोक अभिमानाने नाव लावतात. आपला धागा असा आहे की अनेकांनी तो दहा वर्षं लपवून ठेवलेला असतो. ऑफिसात कोणाला माहीत नसतं की बाप अंगठा लावतो. अशा माणसाला तुम्ही सरळ यादीत टाकलं तर तो निघून जाईल, आणि त्याचं चूक नाही.

आमच्या हातून एक चूक झाली, ती सविस्तर सांगते. तिसऱ्या वर्षी मदतनिधीसाठी आम्ही एक पत्रक छापलं. त्यावर एका हुशार मुलीचा फोटो आणि खाली ओळ: आई चार घरची धुणीभांडी करते, मुलगी विद्यापीठात दुसरी आली. तिला फोटोबद्दल विचारलं होतं, तिने हो म्हटलं होतं. ओळ मात्र आम्ही नंतर घातली. पत्रकं वाटून झाल्यावर ती मला भेटायला आली. हातात पत्रकाची चौकोनी घडी, कडा बोटांनी दाबून दाबून मऊ झालेल्या. म्हणाली, 'मॅडम, माझं नाव चालेल. आईचं काम कशाला छापलं? ती विचारत होती, मी काही वाईट करते का म्हणून.' उरलेली दीडशे पत्रकं आम्ही परत गोळा केली. वाटलेली कशी परत येणार? त्या दिवसापासून नियम केला की कोणाच्याही घराची गोष्ट त्याने स्वतः लिहून दिल्याशिवाय कुठेही जाणार नाही, आणि लिहून दिली तरी छापायच्या आधी शेवटचा मजकूर त्याला दाखवायचा. निधी कमी जमला तर जमू दे. हा नियम तुम्ही पहिल्याच बैठकीत करा.

काम कुठलं घ्यायचं? भाषणं, सत्कार, 'करिअर मार्गदर्शन शिबिर' यांच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. पहिल्या पिढीचं मूल ज्या ठिकाणी अडखळतं ती ठिकाणं फार साधी असतात. घरात शिकलेलं माणूस असतं तर त्याने सहज सांगितलं असतं अशी. उत्पन्नाचा दाखला कधी काढायचा, सेतू केंद्रात कोणते कागद न्यायचे, नॉन-क्रीमी लेयरची मुदत संपली तर काय, एटीकेटी (काही विषय राहिले तरी पुढच्या वर्गात जायची मुभा) म्हणजे नापास का, सरांना मेल लिहिताना सुरुवात कशी करायची. शिष्यवृत्ती तर हमखास अडकते. महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर, अर्ज भरायचा असतो हे मुलांना माहीत असतं. त्यानंतर तो कॉलेजच्या लॉगिनला अडकला, त्रुटीसाठी परत आला, की त्यांचं लक्ष नसतं, आणि तारीख निघून जाते.

एका मुलाचं सांगते. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीचा अर्ज मंजूर, पैसे जमा झाल्याचं पोर्टलवर दिसतं, आणि खात्यात छदाम नाही. आठ महिने तो कॉलेजच्या ऑफिसात खेटे घालत होता. रविवारी वसतिगृहाच्या व्हरांड्यात आम्ही बसायचो, तिथे तो पासबुक घेऊन आला. मी बँकेतली, मला लगेच शंका आली. विचारलं, गावाकडे आणखी कुठलं खातं आहे का? म्हणाला, नाही. मग थोड्या वेळाने म्हणाला, दहावीत असताना शाळेत कोणीतरी येऊन सगळ्यांची खाती उघडली होती, त्याचं पासबुकच मिळालं नाही. सरकारी पैसे आधारवरून जातात आणि आधारला जी बँक जोडलेली असेल तिथेच पडतात, अर्जात कुठलाही खाते क्रमांक लिहा. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दोन मिनिटांत दिसते. पाहिलं तर शाळेतलंच खातं. पैसे तिथे सुरक्षित पडून होते. तो मुलगा व्हरांड्याच्या कठड्यावर बसला आणि बराच वेळ काही बोलला नाही. त्या महिन्यात त्याने मेस बंद करून एक वेळच जेवायला सुरुवात केली होती, हे मला नंतर कळलं.

त्यानंतर आम्ही दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या दोन रविवारी फक्त हेच करतो. एक टेबल, चार खुर्च्या, दोन लॅपटॉप. आधार कुठल्या बँकेला जोडलं आहे ते बघायचं, महाडीबीटीचा अर्ज कुठे अडला आहे ते बघायचं, वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि स्वाधार या राहण्या-जेवणाच्या खर्चाला मदत करणाऱ्या दोन्ही सरकारी योजनांबद्दल सांगायचं, कोण कशात बसतं ते तपासायचं. याला पैसे लागत नाहीत. पाच जण पुरतात. आणि मुलांच्या मनात गटाचं नाव असं पक्कं बसतं की पुढे बोलवावं लागत नाही.

बाकीचं वर्षही असंच मुलांच्या वेळापत्रकावर बांधा. जूनमध्ये कागदपत्रं, ऑगस्टमध्ये शिष्यवृत्ती, पहिल्या सत्राचा निकाल लागला की एटीकेटी लागलेल्यांशी बोलणं, जानेवारीनंतर शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या सराव मुलाखती. सराव मुलाखतीबद्दल एवढंच सांगते की इंग्रजी सुधारायला जाऊ नका. मुलाला त्याचा प्रकल्प आधी मराठीत समजावून सांगायला लावा. तो मराठीत नीट सांगू शकला की इंग्रजीचं काम सोपं होतं.

मार्गदर्शक जोडून देण्याची योजना तुमच्याही डोक्यात असेलच. आम्ही पहिल्याच वर्षी साठ मुलांना साठ मार्गदर्शक दिले. दिवाळीपर्यंत त्यातल्या डझनभर जोड्या बोलत होत्या. मुलं संकोचाने फोन करत नाहीत, मोठी माणसं 'गरज असेल तर करेल' म्हणून वाट बघतात. आता आम्ही एका मोठ्याकडे तीन-चार मुलं देतो आणि पहिला फोन मोठ्यानेच करायचा असं ठरलेलं आहे, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात. तीन मुलं एकत्र असली की एकाचा संकोच दुसऱ्यामुळे सुटतो.

विद्यापीठाशी कसं वागायचं? भांडायला जाऊ नका, हात पसरायलाही जाऊ नका. मूळ माजी विद्यार्थी संघटनेच्या अध्यक्षांना आणि विद्यार्थी विकास विभागाला एकाच आठवड्यात भेटा, म्हणजे कोणाला डावलल्यासारखं वाटत नाही. नॅक ही उच्च शिक्षण संस्थांचा दर्जा तपासणारी संस्था, तिच्या मूल्यमापनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा भाग असतो, त्यामुळे तुमच्या कामाचा एक पानी अहवाल त्यांनाही हवाच असतो. तो दरवर्षी न मागता द्या: तारीख, किती मुलं आली, काय केलं, फोटो. फोटो मुलांना विचारूनच. त्या बदल्यात दोन गोष्टी मागा: रविवारी एक खोली, आणि प्रवेशाच्या वेळी सगळ्या नव्या मुलांना जाणारा एक संदेश. माजी विद्यार्थ्यांचे फोन नंबर मागू नका. कार्यालय ते देणार नाही आणि देऊही नये, २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला आहे. तुम्ही मजकूर लिहून द्या, तो कार्यालयाने त्यांच्या मेलवरून पाठवावा, ज्याला यायचं तो स्वतः फॉर्म भरेल. असा आलेला माणूस टिकतो.

नोंदणीचं विचारलंत. माझा स्पष्ट सल्ला: पहिली दोन-तीन वर्षं करू नका. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात जण मिळून संस्था नोंदवता येते, ते अवघड नाही. पण महाराष्ट्रात त्याबरोबर १९५०चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदाही लागतो. म्हणजे दरवर्षी हिशेब तपासणी, आणि कार्यकारिणीत बदल झाला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे त्या बदलाची लेखी नोंद. आमच्या ओळखीच्या एका गटाने उत्साहात नोंदणी केली, चार वर्षं चेंज रिपोर्टच दिला नाही, आणि आज कागदावरची कार्यकारिणी वेगळी आणि काम करणारी माणसं वेगळी. पैसे काढायला सही कोणाची, यावर सगळं अडलं आहे. त्यापेक्षा मूळ संघटनेच्या छत्राखाली राहा. त्यांच्या खात्यात तुमच्या गटाच्या नावाचं वेगळं शीर्ष, म्हणजे हिशेबाचं वेगळं सदर, उघडून घ्या आणि लेखी पत्र घ्या की त्या शीर्षातला खर्च तुमच्या समितीच्या ठरावानेच होईल.

आणि कोणाच्याही वैयक्तिक यूपीआयवर पैसे घेऊ नका. अगदी चहाचे सुद्धा. माणूस कितीही प्रामाणिक असो, दोन वर्षांनी हिशेब मागितला की त्याच्या तोंडचं पाणी पळतं आणि चांगला कार्यकर्ता जातो. बँकेत तीस वर्षं काढून सांगते, पैशाची भांडणं चोरीतून कमी होतात, मिसळलेल्या खात्यांतून जास्त होतात. मूळ संघटनेकडे ८०जी, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, असेल तर देणगीदाराला पावती त्यांचीच द्या, आणि त्याला सांगा की दोन हजारांच्या वर रोख दिलं तर ती सवलत मिळत नाही, नव्या करपद्धतीत तर ती नाहीच.

परदेशातून कोणी देऊ लागला तर आधी पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाने तिकडून आपल्या कमाईतले पैसे बँकेमार्फत पाठवले तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याने पाठवले, मग तो ओसीआय कार्डवाला आपला वर्गमित्र का असेना, ती परदेशी देणगी होते, आणि परदेशी देणगीच्या कायद्याची, म्हणजे एफसीआरएची, नोंदणी नसेल तर एक रुपयाही घेता येत नाही. अशा मित्राला म्हणा, पैसे राहू दे, महिन्याला दोन तास दे.

देणगीच्या आकड्यांनी दबून जाऊ नका हेही सांगायला हवं. आयआयटी मुंबईच्या १९९८च्या बॅचने २०२३ साली संस्थेला ५७ कोटी रुपये द्यायचं जाहीर केलं, ती बातमी आली तेव्हा आमच्या गटातले काही जण हिरमुसले होते. आपले लोक पहिल्या पगारात बहिणीचं लग्न काढतात, दुसऱ्या वर्षी घरावर स्लॅब टाकतात, बापाचं कर्ज फेडतात. चाळिशीपर्यंत त्यांच्याकडे शिल्लक नसते. त्यांच्याकडून पैशाची अपेक्षा पहिल्या दिवशी केली तर ते पुन्हा येत नाहीत. आमच्याकडे वर्गणी नाही. ज्याला द्यायचं तो देतो, कोणी किती दिलं ते वाचून दाखवत नाही.

एक धोका आधीच ओळखून ठेवा. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. ती निवडणूक आली की दोनशे जणांचा तुमचा ग्रुप कोणालातरी मतपेटीसारखा दिसू लागतो. आमच्याकडेही एकजण अचानक खूप उत्साही झाला, बॅनर करून देतो म्हणाला. पदवीधर म्हणून नाव नोंदवायला आपल्या लोकांना जरूर सांगा, तो आपला हक्क आहे आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो माहीतच नसतो. उमेदवार मात्र गटात आणू नका. गटाचा कोणी उभा राहिला तर त्याने निवडणूक होईपर्यंत समितीतून बाजूला व्हायचं, एवढा एकच नियम आम्ही केला आणि तो पुरला.

पुढारपणाबद्दल. चौथ्या वर्षी माझी आई आजारी पडली, चार महिने मी गावाकडे होते. परत आले तर गट ठप्प. खोलीचं पत्र माझ्या नावाने, मुलांचे फोन माझ्याकडे, मूळ संघटनेतली ओळख माझी. लोक आळशी नव्हते, त्यांच्या हातात काहीच नव्हतं. मी सगळं स्वतः करत होते आणि त्याला जबाबदारी समजत होते. तेव्हापासून पाच जणांची समिती, प्रत्येकाकडे एकच काम, मुदत दोन वर्षं, आणि प्रत्येक कामाची एक वही. वही म्हणजे खरोखरची दोनशे पानी वही, त्यात कोणाला कधी भेटलो, कोणता अर्ज कुठे दिला, पुढच्या वेळी काय लवकर करायचं. मुदत संपली की जुना माणूस नव्याबरोबर पहिल्या दोन बैठका बसतो आणि मग मागे होतो. पाचांपैकी दोघं तरी गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेले असावेत, कारण पोर्टल बदलतं, परीक्षा बदलते, आणि आपल्याला आपलीच जुनी पद्धत बरोबर वाटत राहते. निदान दोन स्त्रिया असाव्यात. मुली जे त्यांच्याशी बोलतात ते पुरुषांशी बोलत नाहीत: घरून लग्नाचा लकडा, वसतिगृह सोडायला लावणं, हे सगळं.

बैठक रविवारी सकाळी ठेवा, दीड तासाची, आणि वेळेवर संपवा. व्हॉट्सअ‍ॅपवर एक सूचनांचा गट ठेवा ज्यात फक्त समिती लिहील, गप्पांचा दुसरा. सूचनांच्या गटात आठवड्याला एकाहून जास्त संदेश नको.

आणि पहिल्या बैठकीला किती जण आले तर सुरुवात झाली म्हणायचं, हेही तुमच्या मनात असणार. आमच्या पहिल्या बैठकीला चाळीस जणांनी 'येतो' म्हटलं होतं, आम्ही सहा जण आलो. सभागृह घेतलं होतं, ते बंद केलं आणि वसतिगृहाच्या व्हरांड्यात येऊन बसलो. प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची ठरली: पहिल्या वर्षी कुठल्या साध्या गोष्टीला अडलो होतो. एकाला प्रवेशाच्या फॉर्मवरचं 'पालकांचा व्यवसाय' हा रकाना आठवला, एकीला ग्रंथालयाच्या दारात तासभर उभं राहिलेलं आठवलं, कारण आत जायला कार्ड लागतं का हे विचारायची भीती वाटली होती. आमचं बोलणं ऐकून खोलीतून बाहेर आलेला पहिल्या वर्षाचा एक मुलगा कठड्याला टेकून उभा राहिला होता. मध्येच म्हणाला, 'कार्ड लागतं का पण?' आमच्यातला एकजण उठला आणि त्याला घेऊन ग्रंथालयाकडे गेला.